तो, ती आणि ते

फोनवर आईचा पहिला प्रश्न होता, "तो आहे की ती?"

समोर डबीत नखाएवढं टॅरँटुलाचं पिल्लू होतं आणि मला उत्तर देता येत नव्हतं. "ते आहे, आई. पिल्लू आहे अजून." मराठीत नपुंसकलिंग आहे म्हणून वेळ निभावली. मी राहते त्या फ्रँकफुर्टमध्ये ही पंचाईत नाही. इथे टॅरँटुलाला 'फोगेलश्पिने' म्हणतात, म्हणजे पक्षीकोळी. या नावामागे याच गावात जन्मलेल्या चित्रकार मारिया सिबिला मेरियनच्या १७०५ सालच्या सुरिनामवरच्या पुस्तकातलं हमिंगबर्ड खाणाऱ्या कोळ्याचं चित्र आहे. हा जर्मन शब्द स्त्रीलिंगी, मग प्राणी नर का असेना. आपल्याकडे कोळी म्हटलं की तो पुरुषच, आणि कोळीण म्हणावं तर डोळ्यांपुढे मासळीची पाटी येते.

टॅरँटुला पाळणाऱ्याला हा प्रश्न नुसत्या कुतूहलाचा नसतो. माझं पिल्लू ब्राकिपेल्मा हामोरीचं, मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्याकडचं, गुडघ्यांवर केशरी पट्टे असलेलं. या जातीची मादी वीस वर्षांहून अधिक जगते. नर काही वर्षांत वयात येतो आणि तिथून पुढे त्याचे महिने मोजायचे. 'ती' म्हटलं तर माझ्या निवृत्तीपर्यंतची सोबत, 'तो' म्हटलं तर पुढच्या भाडेकराराइतकीच.

जिवंत कोळ्यावरून अंदाज बांधता येतो. तो काचेवर चढला की पोटाची खालची बाजू दिसते. तिथे फुप्फुसांच्या चार फिकट चकत्या असतात, पुढच्या दोन चकत्यांच्या मधून एक आडवी खाच जाते. खाचेच्या वर गडद केसांचा दाट ठिपका दिसला तर बहुधा नर. तिथे बारीक तंतुग्रंथी असतात. नर बीज ठेवण्यासाठी जे छोटं जाळं विणतो, त्यात त्यांचा धागा वापरतो. पण 'बहुधा' या शब्दावर वीस वर्षांचा हिशेब मांडता येत नाही. त्यासाठी कात लागते.

कोळी कात टाकतो तेव्हा नुसती बाहेरची कातडी सोडत नाही. मादीच्या पोटात नराचं बीज साठवायची पिशवी असते, तिचं अस्तरही कातीबरोबर निघून येतं. म्हणून प्राण्याला हात न लावता त्याचं आतलं गुपित टेबलावर उलगडता येतं. पायांची कात सुरेख उभी राहते, पाठीचं कवच झाकणासारखं उघडतं. आपल्याला हवी असते ती पोटाची कात मात्र ओल्या रुमालासारखी चुरगळलेली असते. उशीर केला तर तिचा पापड होतो. मग कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाकून ती भिजत घालायची आणि जलरंगाच्या शून्य नंबरच्या ब्रशनं कड उलगडत जायची. हातमोजे हवेतच. या जातीच्या पोटावरचे केस खाजकुइलीचे भाऊ आहेत, आणि ते कातीवरही असतात. हे मी एकदा डोळा चोळून शिकले.

कात आतली बाजू वर करून पसरली की पुढच्या दोन चकत्यांच्या मधोमध, खाचेच्या काठाला पाहायचं. ब्राकिपेल्माच्या मादीला तिथे एकसंध, रुंद पडदा असतो. ब्रशच्या टोकानं उचलला की तो उचलला जातो. नराला तिथे काही नसतं, निदान असं काही नसतं.

पिल्लू चार सेंटिमीटरचं झालं तेव्हा मी त्याची कात उलगडली. भिंगाखाली खाचेपाशी काहीतरी उठलेलं दिसलं. मी त्याच संध्याकाळी आईला कळवलं, "ती आहे!" आईनं नाव सुचवलं, गोदा.

अडीच वर्षांनी एका सकाळी गोदा कातीतून बाहेर पडून बसली होती. पुढच्या पायांवर आकडे आले होते, आणि तोंडापाशी पायांसारखे जे दोन अवयव असतात, त्यांची टोकं मुष्टियुद्धाच्या हातमोज्यांसारखी फुगली होती. हे पाहायला भिंग लागत नाही. हा वयात आलेला नर. माणसानं कात टाकली म्हणजे तो नव्या जोमानं उभा राहिला असं आपण म्हणतो. नराच्या या कातीनंतर मात्र सहसा पुढची कात नसते. त्याची भूक कमी होते आणि तो मादीच्या शोधात रात्रभर काचेच्या कडेनं फिरत राहतो.

कपाटात लिफाफ्यात ठेवलेली जुनी कात मी पुन्हा भिजवली. तीच खाच, तेच उठलेलं काहीतरी. या वेळी ब्रशनं उचलून पाहिलं. ते दोन छोटे उंचवटे होते, नराच्या जोडग्रंथींचे, नवशिक्याला हमखास चकवणारे. त्यांना जोडणारा पडदा नव्हता. तेव्हाही नव्हता. तेव्हा मी काहीतरी दिसल्याबरोबर ब्रश खाली ठेवला होता, कारण मला वीस वर्षं हवी होती.

आता कुठल्याही पिल्लाची कात ठेवताना मी लिफाफ्यावर तारीख घालते आणि पेन्सिलीनं 'ते' लिहिते. लागोपाठ दोन काती एकच सांगतील तेव्हा ते खोडायचं.

रविवारी आईनं विचारलं, "गोदा काय म्हणते गं?"

"गोदा वयात आला," मी म्हटलं. नाव तेच ठेवलं, क्रियापद तेवढं बदललं.