कुठून सुरुवात करू?

२० मे २०२५, मंगळवार

सकाळीच बातमी आली, खगोलशास्त्रज्ञ आणि विज्ञानकथालेखक जयंत नारळीकर गेले. पुण्यात, पहाटे, झोपेतच. वय ८६. वाचनालय उघडल्यावर आधी त्यांची पुस्तकं कपाटातून काढून काउंटरवर मांडली. ‘यक्षांची देणगी’च्या आमच्या प्रतीला दोनदा बाइंडिंग झालंय. मागच्या तारखांच्या चिठ्ठीवर जागा उरली नाही, तरी शिक्के एकावर एक उमटलेत.

अभ्यासिकेत एमपीएससीची तयारी करणारी एक मुलगी पाणी प्यायला आली ती पुस्तकं बघत तिथंच थांबली. तिला १९७४ सालची हकिगत सांगितली. मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावानं. म्हणजे स्वतःचीच आद्याक्षरं उलटी करून. अक्षरही ओळखू येऊ नये म्हणून कथा त्यांच्या पत्नी मंगलाताईंनी लिहून काढली. पहिलं बक्षीस मिळालं.

ती म्हणाली, “मॅडम, मला विज्ञानकथा जमतच नाहीत. एक जाडं इंग्रजी पुस्तक आणलं होतं, अर्ध्यात सोडलं. कुठून सुरुवात करू?”

लगेच उत्तर दिलं नाही. मागं एकदा घाई करून बसलेय.

२१ मे, बुधवार

ती घाई भाच्याच्या बाबतीत झाली. बारावीनंतरच्या सुट्टीत त्याच्या हातात थेट असिमॉव्हचं ‘फाउंडेशन’ ठेवलं. माझं फार लाडकं पुस्तक. चौथ्या दिवशी परत आलं, खूण तिसाव्या पानावर. तेव्हा वाईट वाटलं होतं. चूक माझीच होती. आकाशगंगेचं साम्राज्य कोसळायला निघालंय, हजारो वर्षांचा हिशेब मांडलाय, माणसं बंद खोलीत बसून बोलताहेत, आणि एखाद्याशी ओळख होतेय तोवर पुढच्या भागात पन्नास वर्षं उलटून गेलेली. नवख्यानं बोट धरायचं कुणाचं? दहाबारा कथा अंगी लागल्यावर हेच पुस्तक झपाटून टाकतं, पण त्या आधी लागायला हव्यात.

पहिल्यांदा द्यावी ती छोटी कथाच. तीही अशी, की दोन पानं सगळं ओळखीचं वाटावं आणि मग लेखकानं त्यातली एकच वस्तू जागची हलवावी.

२४ मे, शनिवार

मुलीला ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ दिली होती. आज धावतच आली. “ही मी अकरावीत वाचलीय! इंग्रजीच्या पुस्तकात, ‘द ॲडव्हेंचर’!” ती सीबीएसईची. एनसीईआरटीच्या ‘हॉर्नबिल’मध्ये या कथेचं संक्षिप्त इंग्रजी रूप आहे. तेव्हा प्रश्नोत्तरांपुरती वाचली, म्हणाली. काल रात्री मात्र झोप उडाली.

ही कथा मी किती जणांच्या हाती दिली असेल! पुण्याचे इतिहासाचे प्राध्यापक एका अपघातानंतर भलत्याच मुंबईत जाऊन पोचतात. इथं मराठे पानिपत हरलेलेच नाहीत. गोंधळलेला इतिहासकार काय करील? ग्रंथालय गाठील. पंत खंडामागून खंड चाळतात. आपला इतिहास कुठपर्यंत आहे आणि फाटा कुठं फुटलाय? फाटा फुटतो विश्वासरावांपाशी. आपल्याकडे १४ जानेवारी १७६१ रोजी त्यांना गोळी लागली. तिथं ती कानाजवळून निघून गेली. काही बोटांचं अंतर, आणि मुंबई वेगळी, हिंदुस्थान वेगळा.

पुंजभौतिकी येते ती यानंतर. इलेक्ट्रॉन नेमका कुठं जाईल हे आधी सांगता येत नाही, एकाच क्षणातून अनेक शक्यता निघतात, मग आपण न पाहिलेल्या शक्यताही कुठं खऱ्या असतील का? हाच भाग पहिल्या पानावर आला असता तर मुलीनं पुस्तक मिटलं असतं. इथं तोवर ती स्वतःच उत्तर मागायला लागलेली असते. नारळीकरांची ही हातोटी मला शास्त्रज्ञाइतकीच शिक्षकाची वाटते.

२६ मे, सोमवार

मे संपायच्या आत मॉन्सून मुंबईत. इथंही दिवसभर झड, लाइट गेलेले. एसटीतून निवृत्त झालेले काका खिडकीपाशी बसले होते. ते फक्त ऐतिहासिक कादंबऱ्या वाचतात. त्यांनाही तीच कथा दिली.

“ताई, यात विज्ञान कुठंय? हा तर इतिहास.” पुस्तक परत दिलं. दारापर्यंत गेले, छत्री उघडली, मिटली, मागं आले. “विश्वासराव वाचले असते तर भाऊ हत्तीवरून उतरलेच नसते. अंबारी रिकामी दिसली नसती. फौज मोडली नसती.” पुढचा अर्धा तास ते तिथंच उभे होते.

१ जून, रविवार

वहिनी पोळ्या लाटत होत्या, मी भाजत होते. त्यांना रे ब्रॅडबरीची १९५० सालची एक गोष्ट सांगितली. कॅलिफोर्नियातलं एक घर. सकाळी घड्याळ बोलून उठवतं, शेगडी आपोआप न्याहारी करते, बाहेर पाऊस आहे, रेनकोट घाला असं दार सांगतं. पण कुणी येत नाही. अणुस्फोटात गाव संपलंय. बाहेरची भिंत जळून काळी झालीय, फक्त घरच्या माणसांच्या आकृत्यांएवढी जागा तेवढी वाचलीय. एक माणूस गवत कापताना, एक बाई फुलं तोडायला वाकलेली, मुलगा, मुलगी, आणि वर उडालेला चेंडू. माझ्या जुन्या प्रतीत साल आहे २०२६.

वहिनींचं लाटणं थांबलं. “म्हणजे पुढचं साल. आणि ती न्याहारी?”

“तशीच राहते. मग घरच ती टाकून देतं.”

बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. नंतर म्हणाल्या, “अजून एक सांगा.”

७ जून, शनिवार

मुलगी आता ‘उजव्या सोंडेचा गणपती’पाशी आहे. क्रिकेटच्या मैदानावरून सुरू होणारी कथा, पण मोबियसच्या पट्टीपाशी ती अडली. वाचून कळायचं नाही, म्हणून करूनच दाखवलं. ट्रेसिंग पेपरची लांब पट्टी घेतली, अर्धा पीळ दिला, टोकं डिंकानं जोडली. तिनं त्यावर डाव्या सोंडेचे छोटे गणपती एकापुढे एक काढत नेले. कड कुठंही न ओलांडता, पेन न उलटवता, ती जिथून निघाली तिथंच आली, पण कागदाच्या मागच्या बाजूनं. पट्टी उजेडाला धरली. पहिल्या गणपतीची सोंड डावीकडे, त्याच्यावरच येऊन बसलेल्या शेवटच्या गणपतीची उजवीकडे. ती पट्टी पुन्हा पुन्हा खिडकीशी नेऊन बघत राहिली.

संध्याकाळी फ्रेड हॉयल यांचं ‘द ब्लॅक क्लाउड’ तिच्या नावावर लिहिलं. १९५७ सालचं, सूर्याला झाकून टाकणाऱ्या एका ढगाची कादंबरी. हॉयल म्हणजे केंब्रिजचे नारळीकरांचे गुरू, हे ऐकून तिनं पुस्तक दोन्ही हातांनी घेतलं.

काकांनी तेवढ्यात पट्टीच्या मधोमध कात्री चालवली. दोन कडी निघतील असं त्यांना वाटलं होतं. एकच निघालं, दुप्पट मोठं. “हे कसं?” म्हणत त्यांनी ते पुन्हा मधून कापलं. आता दोन निघाली, एकमेकांत अडकलेली. ती हातात धरून ते ‘यक्षांची देणगी’ मागायला काउंटरवर आले.