वैनगंगेवरची रेष

ताडोबाभोवतीच्या जंगलांचं जाळं पहिल्यांदा कागदावर मांडलं, तेव्हा वैनगंगेवरच्या साऱ्या रेषा मी खोडल्या होत्या. जंगलाचा प्रत्येक तुकडा म्हणजे एक गाठ आणि वाघ जिथून जाईल तिथे दोन गाठींमध्ये रेष, एवढंच हे काम. नदीचं पात्र रुंद, म्हणून रेष नाही. ब्रह्मपुरीकडच्या एका वनमजुराने कागद पाहिला आणि म्हणाला, "साहेब, उन्हाळ्यात पाणी राहतेच कुठं? वाघ रेतीवरनं चालून जाते. अन् पाणी असलं तरी पोहते." पुढे नदीपल्याड वडसा-आरमोरीच्या जंगलात वाघ दिसू लागलेच.

जाळं वाढतं कसं, याचं गाजलेलं गणित बाराबाशी आणि अल्बर्ट यांनी १९९९ मध्ये मांडलं. नवी गाठ बहुधा आधीच भरपूर जोड असलेल्या गाठीला जाऊन मिळते. आठवडी बाजार असाच फुगतो. गर्दी असते तिथेच नवा दुकानदार पाल ठोकतो. हाच नियम मी वाघांना लावला आणि फसलो. वयात आलेल्या नराला गर्दीच हाकलते. ताडोबात जागा धरून बसलेले थोरले नर त्याला टिकू देत नाहीत. म्हणून आमच्याकडे गणित उलटं धरावं लागतं: वाघ कमी, तिकडे ओढ जास्त. चितळ-रानडुकरं मात्र तिथे हवीत.

जाळ्यातल्या पुंजक्यांची गोष्ट वेगळी. माझे दोन शेजारी एकमेकांचेही शेजारी असले की त्रिकोण जुळतो. असे त्रिकोण जितके जास्त, तितकी वीण घट्ट. ब्रह्मपुरीचं जंगल धानाच्या बांध्यांमध्ये तुकड्यातुकड्यांनी विखुरलंय, तरी माझ्या कागदावर तिथे त्रिकोण पुष्कळ. रस्ता रुंद होऊन एक बाजू तुटली, तर वाघ उरलेल्या दोन बाजूंनी वळसा घालतो. कन्हाळगावच्या जंगलातून तेलंगणातल्या कवलच्या जंगलाकडे जाणारी वाट मात्र एकेरी दोरीसारखी निघाली.

वीण घट्ट आली की पूर्वी मी खूश व्हायचो. आता होत नाही. कागदावर तो वळसा फुकटात पडतो. प्रत्यक्षात तो पहाटे मोहफुलं वेचायला निघालेल्या बाईच्या पायवाटेवरून जातो. तिच्यासाठी माझ्या गणितात रकानाच नव्हता. तो नंतर घातला, तोही अंदाजानेच.

२०२३ मध्ये ओडिशाच्या गजपती जिल्ह्यात एक वाघ आढळला. अंगावरच्या पट्ट्यांवरून ओळख पटली: ब्रह्मपुरीचा. माझा कागद पूर्वेला गडचिरोलीतच संपतो.