चार विषय, बांधी एक

बी.एस्सी. कृषी झालेल्या मुलामुलींच्या घरी दरवर्षी एकच चर्चा चालते. पुढे अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात एम.एस्सी. करायची, हे ठरलेले असते. अडते ते विषयावर. पसंतीक्रमात एकच विषय लिहावा, की जवळचे तीन-चार?

नागभीडकडच्या एका धान उत्पादकाच्या मुलीने चार विषय लिहिले : वनस्पती पैदासशास्त्र, कीटकशास्त्र, मृदाशास्त्र आणि वनस्पती रोगशास्त्र. बाप माझ्याकडे आला. म्हणाला, "साहेब, पोरगी चार-चार विषय लिहून राह्यली. म्हंजे तिचं मनच ठरलं नाही का? एक ना धड, भाराभर चिंध्या!"

त्याची काळजी खरी होती. दोन वर्षांचा खर्च धानाच्या पैशातूनच निघायचा होता, धाकट्याचे शिक्षण बाकी होते आणि रोवणीला घरचे दोन हात कमी पडणार होते.

मी त्याला त्याच्याच बांधीकडे नेले. गादमाशीने चंदेरी पोंगे धरले होते. अशा पोंग्याला लोंबी येत नाही, हे तो जाणून होता. मी म्हणालो, अळी पोंग्याच्या आत बसते, म्हणून उशिरा मारलेले औषध वाया जाते. माशी केव्हा येते ते कीटकशास्त्र सांगते. या माशीचे प्रकार अनेक, एका भागात टिकलेले वाण दुसरीकडे बळी पडते. टिकणारे वाण पैदासशास्त्र काढते. युरिया जास्त झाला की करपा वाढतो. तिथे मृदाशास्त्र आणि रोगशास्त्र एकमेकांना भेटतात. विषय चार, पण धान एकच.

आपल्याच नागभीड तालुक्यातील नांदेडचे दादाजी खोब्रागडे तिसरीपर्यंत शिकलेले. १९८३ मध्ये त्यांना पटेल-३ धानात वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या निवडून वर्षानुवर्षे पेरल्या आणि त्यातून एचएमटी धान झाले. त्यांच्याजवळ विषयाची पदवी नव्हती, पण प्रश्न पक्का होता.

तेव्हा मुलांनो, चार विषय लिहायला हरकत नाही. मात्र ते एकाच प्रश्नाच्या चार वाटा असाव्यात. मैत्रिणीने लिहिला म्हणून, किंवा जागा सहज मिळते म्हणून एकही लिहू नका. गुणवत्ता आणि तुम्ही दिलेला क्रम यांवर जागा ठरते. म्हणून मनापासून हवा तो विषय पहिला ठेवा. जो मिळाला तरी जायचे नाही, तो यादीत नकोच. अर्ज भरण्यापूर्वी सिंदेवाहीच्या धान संशोधन केंद्रात एक दिवस घालवा आणि कोणत्या विषयाची माणसे दिवसभर काय करतात ते डोळ्यांनी पाहा. त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचा. ऐकीव नियमावर जाऊ नका.

त्या मुलीला तिसरा पर्याय मिळाला, मृदाशास्त्र. गावात कोणी हळहळले. ती मात्र प्रबंधासाठी धानाच्या जमिनीतील नत्राचाच विषय मागायचा, असे ठरवून अकोल्याला गेली.

आईबापांनो, पोराने चार नावे लिहिली म्हणून रागावू नका. "या चौघांतून आपल्या बांधीचे काय भले होईल?" एवढेच विचारा. उत्तर न अडखळता आले, तर खुशाल सही करा.