पावणेदोन तासांचं माहेर

माझं माहेर रायपूरचं, तात्यापाऱ्यातलं. सासर आणि नोकरी मुंबईत. बाबा गेल्यापासून आई तिथे एकटीच राहते. मुंबईला चल म्हटलं की तुळशीला पाणी कोण घालणार, इथपासून तिची कारणं सुरू होतात. मग मीच म्हणायची, "काळजी कशाला? विमानाने पावणेदोन तास! बोरीवलीहून चर्चगेटला जाऊन यायला याहून जास्त वेळ लागतो."

बाबा रेल्वेत होते. त्यांचा हिशेब वेगळा. मुंबई ते रायपूर ११३८ किलोमीटर. रात्री हावडा मेलमध्ये बसायचं, दुसऱ्या दिवशी नागपूर, गोंदिया, डोंगरगड, राजनांदगाव, दुर्ग अशी स्टेशनं मोजत संध्याकाळपर्यंत घरी. विमानाचं अंतर मात्र सरळ रेषेत मोजतात, ते साधारण साडेनऊशे किलोमीटर भरतं. ताशी आठशेच्या वेगाने सव्वा तासाचं काम. उरलेला अर्धा तास धावपट्टीपर्यंत रांगण्यात, चढण्या-उतरण्यात जातो. हिवाळ्यात वरच्या हवेत पश्चिमेचे वारे जोरात असतात. त्यामुळे माहेरी जाताना वारा पाठीशी आणि सासरी परतताना तोंडावर! (हे आईला सांगितलं तेव्हा ती मनापासून हसली होती.)

गेल्या डिसेंबरात सकाळी नऊला शेजारच्या काकूंचा फोन आला. आई न्हाणीघरात पडली होती.

सकाळचं विमान गेलेलं. दुपारी अडीचचं तिकीट मिळालं. घरून अकराला निघाले, रस्त्यात दीड तास, मग तपासणीच्या रांगा, मग फलकावर 'विलंब'. चारला विमान उडालं. आतापर्यंत सात तास झाले होते आणि मी अजून मुंबईतच होते.

मान्याच्या विमानतळावर उतरले तेव्हा पावणेसहा वाजले होते आणि अंधारून आलं होतं. मुंबईत त्या वेळी अजून ऊन असतं. आपलं प्रमाणवेळेचं रेखावृत्त साडेब्याऐंशी अंशांचं, रायपूरच्या अगदी जवळचं. मुंबई रायपूरच्या जवळजवळ नऊ अंश पश्चिमेला, आणि अंशाला चार मिनिटं या हिशेबाने रायपूरचा सूर्य पस्तीस मिनिटं आधी मावळतो. शाळेत पाठ केलेला भूगोल त्या दिवशी उगाचच जिवाला लागला. या विमानतळाला २०१२ मध्ये स्वामी विवेकानंदांचं नाव दिलं, पण टॅक्सीवाल्याशी बोलताना तोंडात 'माना'च आलं. तिथून शहर पंधराएक किलोमीटर.

इस्पितळात पोचले तेव्हा सात वाजले होते. मांडीचं हाड मोडलं होतं. दाखल करून घेण्याच्या कागदावर काकूंच्या मुलाची सही होती. 'रुग्णाशी नातं' या रकान्यात त्याने लिहिलं होतं, 'शेजारी'. मी तो कागद बराच वेळ हातात धरून उभी होते.

आई जागीच होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "झाले का गं पावणेदोन तास?"

दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रियेच्या कागदावर मी सही केली. आता ती काठी घेऊन अंगणापर्यंत जाते. मुंबईला येण्याचं अजून नाव नाही. परवा फोनवर तिने विचारलं, कधी येतेस? मी म्हटलं, "शनिवारी. सकाळी निघाले तर संध्याकाळी पोचेन."

"मग दुपारचा डबा बांधून घे," आई म्हणाली.