दाखला मागायचा की नाही?



दशलक्षण पर्व संपलं, क्षमावाणीही झाली. या वेळी आर्जव धर्माच्या दिवशी प्रवचनात माझं लक्ष सारखं एकाच ठिकाणी अडकत होतं. मनात एक, बोलण्यात दुसरं आणि वागण्यात तिसरं असं नको, हे माताजी समजावून सांगत होत्या आणि मला मात्र गेल्या वर्षीचा सरकारी दवाखान्यातला लांबलचक व्हरांडा दिसत होता. ती हकीकत लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं. शेवटी मुलालाच विचारलं. तो म्हणाला, "लिही की. फक्त माझं नाव घालू नकोस."

आमच्या धाकट्याला हिमोफिलिया आहे. जवळच्या चारदोन माणसांशिवाय हे कुणाला माहीत नव्हतं. तो अकरा महिन्यांचा होता, धरून उभा राहताना पडला आणि जीभ दातात सापडली. एवढीशी जखम, पण दोन दिवस रक्त थांबेना. तपासणीत कळलं की रक्त गोठायला लागणारा 'फॅक्टर ८' त्याच्या रक्तात एक टक्क्याहूनही कमी आहे. म्हणजे आजार तीव्र प्रकारचा. साधारण ५,००० मुलग्यांमागे एकाला हा असतो. लोकांना वाटतं, अशा मुलाला नुसतं खरचटलं तरी भळाभळा रक्त जातं. खरा त्रास आतला असतो. काही न लागता रात्रीत गुडघ्यात, घोट्यात, कोपरात रक्त साकळतं. सकाळी बघावं तर सांधा टम्म फुगलेला, गरम, हात लावू देत नाही. मग बर्फ, पाय उशीवर आणि शिरेतून फॅक्टरचं इंजेक्शन. असं वारंवार झालं की तो सांधा हळूहळू खराब होत जातो.

हा आजार बहुतेक वेळा आईकडून मुलाकडे येतो. डॉक्टरांनी ते सांगितलं तेव्हा सासूबाई शेजारीच बसल्या होत्या. "आमच्याकडं तर कुणाला असलं काही नव्हतं," एवढंच त्या म्हणाल्या. माझ्या माहेरीही कुणाला नव्हतं. अशा घरांपैकी साधारण एक तृतीयांश घरांत आधी कुणालाच आजार नसतो, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. तोवर सामायिकाला बसलं तरी डोळ्यांपुढे तेच यायचं. कुठल्या जन्मीचं माझं कर्म या लेकराला भोवतंय? एकदा एका माताजींपाशी रडले. त्या म्हणाल्या, असाता वेदनीय कर्म ज्याचं त्याचं असतं, तुझ्याकडे त्याची सेवा आली आहे, तेवढी नीट कर. त्या दिवसापासून जरा बरं वाटलं.

सेवा केली, पण लपवूनही ठेवलं. शाळेत "पाय मुरगळला", लग्नकार्यात "ताप आहे", गावात "अशक्तपणा". अठरा वर्षं हेच.

गेल्या हिवाळ्यात तो इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता. परीक्षेच्या आदल्या रात्री उजवं कोपर सुजलं. दोन पेपर बुडाले. तिसऱ्याला गेला, पण निम्मा पेपर सोडून आला, हात चालेना. त्याच्या एका सरांनी विचारलं, "दिव्यांगाचा दाखला का काढत नाही? जादा वेळ मिळेल, लेखनिक मिळेल. कागद नसेल तर मी काही करू शकत नाही." त्याने घरी येऊन तसंच सांगितलं आणि जेवणाच्या पाटावर सगळे गप्प झाले.

आमचे हे म्हणाले, "चालतोय, फिरतोय, गाडी चालवतोय. ह्याला कोण अपंग म्हणणार?" सासूबाईंचं वेगळंच. "आपलं देणाऱ्याचं घर आहे. बस्तीत आहारदान, औषधदान करणारी माणसं आपण. सरकारच्या दारात हात पसरायचा?" आणि न बोललेली गोष्ट तिसरीच होती. थोरली बावीस वर्षांची, तिला स्थळं बघायला सुरुवात झालेली. भावाच्या दाखल्यावर आजाराचं नाव येणार, म्हणजे ते गावभर होणार. लोक विचारणार, बहिणीच्या रक्तातही असेल का? आणि ते असू शकतं, हे मला माहीत होतं. ज्या आईत हा दोष असतो, तिच्या प्रत्येक मुलीत तो उतरण्याची शक्यता निम्मी असते. मुलीला स्वतःला सहसा मोठा त्रास होत नाही, पण तो पुढे जाऊ शकतो.

थोरलीच बोलली शेवटी. "आज्जी, त्याचं फॅक्टर सरकारी केंद्रातून फुकट आणतोच ना आपण? तेव्हा नाही लाज वाटली. आणि महावीर जन्मकल्याणकाला आपल्या शिबिरात लोक रक्त देतात, रक्तातल्या प्लाझ्मापासूनही फॅक्टर बनतो. कुणीतरी दिलेलं आपण एकोणीस वर्षं घेतोच आहोत." सासूबाई काही बोलल्या नाहीत. पण सकाळी मला म्हणाल्या, "आधार कार्ड कुठं ठेवलंयस त्याचं?"

आता ज्यांच्या घरी असा प्रश्न आहे त्यांच्यासाठी थोडं नीट सांगते. १९९५ च्या जुन्या कायद्यात अपंगत्वाचे सातच प्रकार होते, त्यामुळे आमच्या मुलाचा जन्म झाला तेव्हा हा विचारच नव्हता. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आले. त्यात हिमोफिलिया, थॅलेसेमिया आणि सिकलसेल हे रक्ताचे तीन आजार आहेत, मल्टिपल स्क्लेरोसिस आणि पार्किन्सन आहेत, मानसिक आजारही आहे. म्हणजे बाहेरून धडधाकट दिसणारं माणूसही कायद्याने दिव्यांग असू शकतं. पण नुसतं आजाराचं नाव पुरत नाही. बहुतेक सवलतींसाठी दिव्यांगत्व किमान ४० टक्के भरावं लागतं, आणि ते सरकारी वैद्यकीय मंडळ ठरवतं. अर्ज 'स्वावलंबन' या संकेतस्थळावर भरायचा. फोटो, आधार, पत्त्याचा पुरावा आणि उपचारांचे कागद लागतात. मग तपासणीला बोलावतात. यूडीआयडी कार्डावर ४० टक्क्यांच्या आत पांढरी पट्टी, ४० ते ८० ला पिवळी आणि ८० च्या वर निळी.

उपचारांचे कागद म्हणाल तर आमच्याकडे निम्मे हरवलेले. पण एक गोष्ट होती, माझी दुधाच्या हिशोबाची वही. पुढून दुधाचा हिशोब आणि मागच्या पानांवर मी सवयीने लिहून ठेवायची, अमुक तारखेला डावा गुडघा, इतके युनिट फॅक्टर, इतके दिवस शाळा बुडाली. अकरा वर्षांच्या अकरा वह्या निघाल्या. त्या पुढे किती कामाला येतील याची मला कल्पना नव्हती.

तपासणीच्या दिवशी पहाटेच्या एस.टी.ने गेलो. व्हरांड्यात ही गर्दी. कुणी कुबड्यांवर, कुणाला दोघांनी धरलेलं, एक आई मोठ्या मुलाला पाठीवर घेऊन आलेली. आणि त्यात आमचा चिरंजीव जीन्स घालून, कानात हेडफोन लावून उभा. नेमका त्या आठवड्यात त्याचा पाय छान होता. लोक आमच्याकडे बघत होते, निदान मला तसं वाटत होतं. नंबर पुकारला आणि तो तरातरा आत निघाला. माझ्या तोंडून निघून गेलं, "अरे, जरा हळू चाल की."

तो थांबला. माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "आई, लंगडू का?"

मैत्रिणींनो, तेव्हा मला जी लाज वाटली ती दाखला मागण्याची नव्हती. अठरा वर्षं मी याला सांगत आले, दुखलं तरी दाखवू नकोस. आणि आज सांगत होते, दुखत नसलं तरी दाखव. दोन्ही वेळा खोटंच. आधी मान कषायापोटी, आता लोभापोटी. पोराने मात्र एकदाही खोटं बोलायचं ठरवलं नव्हतं.

आत गेल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "आज काही त्रास?" तो म्हणाला, "आज नाही. पण मागच्या महिन्यात दोनदा झाला होता." मी वह्या पुढे केल्या. डॉक्टरांनी पानं उलटली, एका पानावर "म्हैस आटली, दूध बंद" वाचून हसले आणि मग बराच वेळ मागची पानं वाचत राहिले. गुडघा आणि कोपर किती वाकतं ते मोजलं, एक्स-रे पाहिले. कोपर पूर्ण सरळ होत नाही, हे मला आईला सुद्धा माहीत नव्हतं. तो ते इतकं सफाईने लपवायला शिकला होता! आणि ते त्याला मीच शिकवलं होतं.

काही आठवड्यांनी कार्ड आलं. पिवळी पट्टी.

मग काय मिळालं? परीक्षेत तासाला वीस मिनिटं जादा, हे सगळ्यात मोलाचं. एस.टी.च्या भाड्यात सवलत. पुढे सरकारी आणि अनुदानित संस्थेत उच्च शिक्षणासाठी प्रवेश घ्यायचा झाला तर तिथे दिव्यांगांना ५ टक्के राखीव जागा आहेत. सरकारी नोकरीत ४ टक्के राखीव आहेत खऱ्या, पण ज्या गटांना त्या दिल्या आहेत त्यांत रक्ताच्या आजारांचं नाव नाही. हे वाचून तो खट्टू झाला. एकाच कायद्याच्या एका पानावर आपलं नाव आहे आणि दुसऱ्या पानावर नाही, हे मलाही पटलं नाही.

आणि दरमहाचं अनुदान? संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५०,००० रुपये आहे. आम्ही त्यात बसत नाही. एक गृहस्थ घरी आले, म्हणाले, "वहिनी, उत्पन्नाचा दाखला मी आणून देतो, तुम्ही फक्त सही करा." आमच्या ह्यांनी चहा पाजून त्यांना वाटेला लावलं. ज्या बाईने लेकाला पाठीवर घेऊन आणलं होतं, ते पैसे तिच्यासाठी आहेत. अचौर्य व्रत काही फक्त देवळात म्हणायचं नसतं. जे हक्काचं आहे ते ताठ मानेने मागायचं, जे आपलं नाही त्याला हात लावायचा नाही. या दोन्हींची सरमिसळ करून आपण कधी मागायलाच लाजतो, कधी नको तिथे मागतो.

या पर्वात महिला मंडळात मी हे सगळं पहिल्यांदा मोठ्याने सांगितलं. हात कापत होते माझे. प्रसादानंतर तिघी जणी एकेक करून कोपऱ्यात येऊन भेटल्या. एकीच्या नातीला लहानपणापासून मधुमेह, दिवसाला चार इंजेक्शनं. तो आजार २१ प्रकारांत नाही, हे सांगताना मला वाईट वाटलं. हृदयविकार, डायलिसिस यांचीही नावं त्या यादीत नाहीत. मात्र एखाद्या आजारामुळे नजर गेली, हातापायात कमजोरी राहिली तर त्या दोषाची तपासणी होऊ शकते. दुसरीच्या भाच्याला थॅलेसेमिया. त्याचा अर्ज मी तिथेच बसून मोबाईलवर भरून दिला. तिसरीच्या मुलाला लिहिताना हाताला पेटके येतात, पण ४० टक्के भरत नाहीत. तिला सांगितलं, अगदी अशाच त्रासाच्या एका तरुणाला २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने लेखनिक घ्यायची परवानगी दिली, ४० टक्क्यांचा आग्रह न धरता. तो विकास कुमार यांचा खटला. तो दाखवून कॉलेजात अर्ज कर.

तिघींनीही जाताना एकच वाक्य म्हटलं, "कुणाला सांगू नका हं." मी काय बोलणार? मी स्वतः अठरा वर्षं तेच म्हणत होते.

थोरलीने स्वतःहून तपासणी करून घेतली. निकाल काय आला ते इथे लिहिणार नाही, तो तिचा आहे. पण आता पाहुणे येतात तेव्हा पोहे पुढे ठेवायच्या आधी भावाच्या आजाराबद्दल तीच सांगते. दोन स्थळं त्यावरून परत गेली. सासूबाईंना फार लागलं ते, मलाही लागलं. तिसरी मंडळी मात्र पुढच्या रविवारी पुन्हा येणार आहेत, आणि त्यांचा मुलगा डॉक्टरांशी बोलून येतो म्हणालाय. बघू या.

आणि हो, ज्यांच्या घरी असं कुणी आहे त्यांनी आजपासून एक वही करा. तारीख, काय झालं, काय औषध दिलं, किती दिवस घरी. दुधाच्या वहीची मागची पानं असली तरी चालतील.

या लिहिण्यात कुणाचं मन दुखावलं असेल तर उत्तम क्षमा.

जय जिनेंद्र.