दुसऱ्याच्या हातातले दोर

साहित्यात एकट्या खलाशाला मानाचे स्थान आहे. समुद्र, होडी आणि एक माणूस एवढे तीन घटक जमले की वाचक आणि समीक्षक दोघेही आपसूक 'एकाकीपण', 'अस्तित्व', 'शोध' अशा शब्दांकडे वळतात. त्या होडीवर दोर कसे ओवलेले आहेत, कोणता दोर कुठून निघून कुठे बांधला आहे, याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. आमचे लक्ष तिकडे गेले ते निरुपायाने.

मुंबई बंदराच्या पलीकडे, एका खाडीच्या तोंडाशी आमची सतरा फुटी फायबरची होडी असते. एक डोलकाठी, दोन शिडे. पावसाळा सरला की सकाळी मतलई वाऱ्यावर बाहेर पडायचे आणि दुपारी खाऱ्या वाऱ्यावर परतायचे, असा आमचा आणि आमच्या एका स्नेह्यांचा अकरा वर्षांचा परिपाठ. एकाच महाविद्यालयात ते गणित शिकवीत, आम्ही साहित्य. पुढे त्यांना कंपवाताने गाठले. हात थरथरू लागले, तोल जाऊ लागला आणि दोन वर्षांपूर्वी त्यांचे होडीवर येणे थांबले. तेव्हा या लेखातले 'आम्ही' व्याकरणाच्या सोयीपुरतेच अनेकवचनी आहे. पूर्वी ते खरोखर अनेकवचनी होते.

होडी विकावी की ती एकट्याला चालवता येईल अशी करावी, असा प्रश्न होता. निर्णय स्नेह्यांनीच दिला. ''अहो, आधी यादी करा,'' ते म्हणाले, ''मी नेमके काय करीत होतो त्याची.''

यादी करताना ध्यानात आले की होडीवरच्या सोबतीला आपण गप्पाटप्पांचे निमित्त समजतो, पण ती मुळात श्रमविभागणी असते. शीड चढवताना होडीचे नाक वाऱ्याकडे धरून ठेवावे लागते. ते सुकाणूवरच्या माणसाचे काम. त्याच वेळी डोलकाठीच्या बुंध्याशी उभे राहून कोणीतरी दोर ओढायचा असतो. दिशा बदलताना एकाने सुकाणूचा दांडा फिरवायचा आणि दुसऱ्याने पुढच्या शिडाचा एक दोर सोडून दुसऱ्या बाजूचा खेचायचा. वारा वाढला तर एकाने होडी सांभाळायची, दुसऱ्याने शिडाचा खालचा भाग दुमडून बांधायचा. आणि एक पाण्यात पडला तर दुसऱ्याने होडी वळवून परत यायचे. एकट्यासाठी होडी सजवायची म्हणजे या प्रत्येक कामासाठी कोणाचा हात नसताना काय, याचे उत्तर शोधायचे.

पहिले उत्तर सोपे होते. शिडे चढवण्याचे दोर डोलकाठीच्या तळाशी कप्प्यांतून वळवून सुकाणूच्या जागेपर्यंत आणले. मात्र दर कप्पीगणिक घर्षण वाढते, म्हणून शीड चढवायला पूर्वीपेक्षा अधिक जोर लागतो. पुढच्या शिडाला गुंडाळणारे रोलर बसवले. एक दोर ओढला की ते स्वतःभोवतीच गुंडाळले जाते, नाळेवर धावत जावे लागत नाही. मोठे शीड उतरवताना ते पाण्यात किंवा डोळ्यांवर पसरू नये म्हणून डोलकाठीपासून बूमपर्यंत दोन्ही बाजूंना बारीक दोऱ्यांची झोळी बांधली. ती झोळी शीड चढवताना मात्र अडचण करते; होडी वाऱ्याच्या नेमकी समोर नसेल तर शिडातल्या पट्ट्या दोऱ्यांत अडकतात. शीड दुमडण्याचे दोरही मागे आणले. एकट्याने शीड दुमडायचे ते वारा वाढण्याआधी, हा नियम स्नेह्यांनी वहीत लाल शाईने लिहून दिला.

खरा पेच सुकाणूचा होता. बाकी कामे क्षणाची, हे अखंड. यावर बिनयंत्राची एक जुनी युक्ती आहे. शिडाला ताणून धरणाऱ्या दोराचा ताण एका कप्पीतून वळवून, वारा येतो त्या बाजूने, दांड्याला जोडायचा आणि विरुद्ध बाजूने रबरी दोरी बांधायची. झोत आला की होडी वाऱ्याकडे वळू पाहते. पण त्याच झोताने शिडाचा दोर ताणला जातो, तो दांडा ओढतो आणि होडी पुन्हा वाऱ्यापासून दूर होते. वारा ओसरला की रबर दांडा परत खेचते. होडीला भरकटवू पाहणारा जोरच तिला वाटेवर ठेवतो. रबराची लांबी ठरवायला आम्हाला चार रविवार लागले. स्नेही धक्क्यावर खुर्ची टाकून बसत आणि होडीची वाट नागमोडी झाली की हातातली टोपी हलवीत.

या युक्तीने एक विपरीत गोष्टही शिकवली. दोघे असताना पडलेल्याकडे परत येणारे कोणी असे. आता होडी जितकी उत्तम स्वतःची स्वतः चालेल, तितकी ती पाण्यात पडलेल्या माणसापासून निश्चितपणे दूर जाईल. म्हणून सर्वांत साधा आणि सर्वांत महत्त्वाचा दोर तो, जो आमच्या कमरेच्या पट्ट्याला आणि होडीला बांधलेला असतो. यादीतल्या शेवटच्या कामाला उत्तर नव्हतेच; ते काम कधी उद्भवू नये एवढीच तजवीज करता आली.

या सुमारास आम्ही जोशुआ स्लोकमकडे पुन्हा वळलो. १८९५ ते १८९८ या काळात 'स्प्रे' या सुमारे ३७ फुटी होडीतून त्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. एकट्याने ती करणारा तो पहिला. सुकाणू बांधून ठेवले तरी 'स्प्रे' दिवसचे दिवस वाट सोडत नसे आणि वाटेत मागे एक छोटी डोलकाठी बसवून त्याने तिचा तोल आणखी सुधारला. पण त्याच्या वृत्तान्तातला आम्हाला सर्वांत मोलाचा वाटणारा प्रसंग अॅझोर्सनंतरचा आहे. पोटदुखीने तो खाली पडून असताना त्याला सुकाणूवर एक माणूस दिसला. तो म्हणे कोलंबसच्या 'पिंटा' जहाजाचा वाटाड्या होता! भास ओसरला तेव्हा होडी योग्य दिशेनेच जात होती. एकट्याच्या प्रवासातला पहिला थोर निवेदकही आजारपणात दुसऱ्याच्या हाती सुकाणू देतो, ही गोष्ट 'एकाकीपणा'वर लिहिणाऱ्यांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

रॉबिन नॉक्स-जॉन्स्टनची 'सुहेली' तर मुंबईत, सागवानात बांधलेली. १९६८-६९ मध्ये ३१२ दिवसांत, कुठेही न थांबता, एकट्याने जगाला वळसा घालणारा तो पहिला. त्याचे स्वयंचलित सुकाणू वाटेत मोडले आणि पुढचा प्रवास त्याने शिडांचा तोल साधत केला. म्हणजे त्या एकट्याच्या पाठीशी मुंबईच्या सुतारांचे हात होते. 'सुहेली'चीच प्रतिकृती असलेली 'थुरिया' गोव्यात बांधली गेली. २०१८ साली दक्षिण हिंदी महासागरात तिची डोलकाठी मोडली आणि अभिलाष टॉमी जखमी होऊन पडून राहिले, तेव्हा त्यांना एका फ्रेंच जहाजाने सोडवले. एकटेपणाची सीमा अशी ठिकठिकाणी इतरांना येऊन भिडते.

वर्गात प्रथमपुरुषी निवेदन शिकवताना आम्ही हल्ली विद्यार्थ्यांना विचारतो की, हा 'मी' जे एकट्याने केल्याचे सांगतो आहे, त्यातले कोणते काम पूर्वी दुसरा कोणी करीत होता? उत्तर नेहमी मिळतेच असे नाही. पण प्रश्न विचारला की मजकुरातले दोर दिसू लागतात.

होडीच्या नोंदवहीत 'होडीवर कोण' असा एक रकाना आहे. पहिल्या एकट्या सफरीनंतर आम्ही तिथे सवयीने दोन नावे लिहिली होती. स्नेह्यांनी ती पाहिली आणि थरथरत्या हाताने, पण नीट सरळ रेघ मारून आपले नाव खोडले. ''नोंद खरी हवी,'' एवढेच म्हणाले. तेव्हापासून तिथे एकच नाव असते. मात्र वहीच्या मागच्या बाजूला प्रत्येक दोराची लांबी, जाडी आणि तो कोणत्या कामासाठी आहे, हे सारे लिहिलेले आहे. ते अक्षर त्यांचे आहे.