अकरा दिवसांची चूक

गेल्या पावसाळ्यांतली गोष्ट. आमच्या वसईस पाऊस लागला म्हणजे गाड्या केव्हां बंद पडतील याचा नेम नसतो. तरीही माझी एक विद्यार्थिनी विरारहून भिजत घरीं आली आणि प्लास्टिकच्या पिशवींतून आपल्या प्रबंधाचें एक प्रकरण काढून तिनें माझ्यापुढें ठेवलें. विषय वसईच्या मोहिमेचा. "सर, येथें तुमचाच आधार घेतला आहे," ती म्हणाली. दुसऱ्याच्या तळटीपेंत आपलें नांव पाहून सुखावत नाहीं असा प्राध्यापक मीं अजून पाहिलेला नाहीं. मीही सुखावलों, चष्मा पुसला आणि वाचूं लागलों. दहा ओळी वाचतों न वाचतों तोंच तें सुख पार उतरलें. तिनें जें घेतलें होतें तें चूक होतें, आणि ती चूक सर्वस्वी माझी होती.

वसईचा किल्ला चिमाजी आप्पांच्या स्वाधीन करण्याचें पोर्तुगीजांनीं कबूल केलें तें १६ मे १७३९ रोजीं. ही तारीख पोर्तुगीज गणनेची. पोप ग्रेगरीची नवी कालगणना पोर्तुगालनें १५८२ सालींच स्वीकारली होती. इंग्लंडनें ती १७५२ पर्यंत स्वीकारली नाहीं. तेव्हां पोर्तुगीजांचा १६ मे तो मुंबईच्या इंग्रजांचा ५ मे. मीं मात्र दोन्हीकडच्या तारखा जशाच्या तशा शेजारीं मांडल्या. तहानंतर लिहिलेलें इंग्रजी पत्र त्यामुळें तहाच्या आधींचें ठरलें, आणि मुंबईकरांस अटी अगोदरच ठाऊक होत्या असा चमत्कारिक सिद्धांत मांडून मी मोकळा झालों!

एवढी ढोबळ चूक छापली गेली कशी, असें वाचक विचारील. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमांनीं अध्यापकांच्या बढतीस गुणांची मोजणी लागली, आणि छापील लेख हें त्या बाजारांतलें नाणें झालें. माझी बढती एका लेखासाठीं अडली होती. २०१६ सालीं एका नियतकालिकाचें निमंत्रण आलें. लेख व शुल्क मीं सोमवारीं पाठविलें. गुरुवारीं उत्तर आलें कीं परीक्षकांस लेख उत्कृष्ट वाटला. तीन दिवसांत कोणी तो लेख खरोखर वाचला असेल, यावर माझा विश्वास बसला काय? खरें सांगावयाचें तर बसला नाहीं. पण तो बसला असें समजणें माझ्या सोयीचें होतें.

परीक्षक म्हणजे तरी कोण? लेखकास एक अडचणीचा प्रश्न विचारणारा मनुष्य. १९१० सालीं पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ निघालें. त्याच्या सभांत टिपणें वाचलीं जात, आणि समोर राजवाड्यांसारखा श्रोता बसला असेल तर वाचणाऱ्यानें आधींच दहादां तपासून यावें हें ओघानेंच आलें. 'महाशय, या तारखा कोणत्या गणनेच्या?' एवढें कोणी मला विचारलें असतें तरी माझा सिद्धांत जागींच गळून पडता. तो प्रश्न कोणी विचारूं नये, त्याचेंच मीं शुल्क भरलें होतें.

आयोगानें २०१७ सालीं मान्य नियतकालिकांची यादी प्रसिद्ध केली; माझें नियतकालिक तींत होतें. मे २०१८ मध्यें ४,३०५ नांवें यादींतून गळलीं, त्यांत तेंही गेलें. पुढें 'केअर' नांवाची अधिक काटेकोर यादी आली. फेब्रुवारी २०२५ मध्यें तीही बंद झाली आणि पारख करण्याचें काम पुन्हां विद्यापीठांकडे व अध्यापकांकडे आलें. याद्या आल्या आणि गेल्या. माझी बढती मात्र कायम राहिली, आणि माझी चूकही.

पैसे घेऊन छापणाऱ्यांस दोष देणें सोपें आहे, आणि तो त्यांचा आहेही. परंतु गिऱ्हाईक मिळाल्यावांचून कोणाचें दुकान चालत नाहीं. मी भोळा फसलेला नव्हतों. मी गिऱ्हाईक होतों. आणि माझ्या खरेदीची किंमत माझ्यावर विश्वास ठेवणारी एक मुलगी देऊं पाहत होती.

मीं तिला सारें सांगितलें. संपादकांस दुरुस्तीचें पत्रही लिहिलें. दुरुस्तीचें शुल्क निराळें पडेल असें उत्तर आलें!

"सर, मग ही तळटीप काढून टाकूं का?" तिनें विचारलें.

"काढूं नकोस. लेख चूक आहे असें लिही, आणि कां चूक आहे तेंही लिही."

"तुमचें नांव घालून?" ती चांचरत म्हणाली.

"नांव घालूनच," मी म्हणालों. तें म्हणतांना जीभ जड झाली, हें येथें कबूल केलें पाहिजे. तिनें मान खालीं घालून चार ओळी लिहिल्या आणि मला दाखविल्या. माझ्या त्या लेखाचें पहिलें खरें परीक्षण मीं त्या दिवशीं वाचलें. त्यांत एक शब्दही कमीजास्त करण्यासारखा नव्हता.